लसीनंतरचा अर्धा तास

मा. संपादक,

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात आमच्या भागातून पिवळी मारबत, म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. जागनाथ बुधवारी, तांडापेठेत ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना आवाजाचं वेगळं सांगायला नको. ढोल-ताशे, डीजे आणि ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर. खिडकीच्या काचा थरथरतात. 2022 सालच्या मारबतीला मी माझ्या अंगणवाडीतल्या एका आईच्या घरी ओट्यावर उभी होते. रस्त्याकडच्या खोलीत तिचा चौदा महिन्यांचा मुलगा झोपला होता. मिरवणूक दारावरून जाईपर्यंत पाऊण तास गेला. लेकराने कूससुद्धा बदलली नाही. त्याची आजी कौतुकाने मला म्हणाली, “पाहा न बाई, कसं गुनाचं पोट्टं हाय. एवढ्या आवाजातही उठत नाही.” मीही म्हणाले, “हो, शांत आहे बाळ.”

तेव्हा अंगणवाडी सेविका म्हणून मला सव्वीस वर्षं झाली होती. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. पुढे बोलेल अशी घरात सगळ्यांना खात्री होती, कारण त्याचा बापही तीन वर्षांचा होऊन बोलला होता. एका खाजगी डॉक्टरांनी सांगितलं की मुलगे उशिराच बोलतात, थांबा. त्याला ऐकू येतं का, असं मी विचारलं तर आई म्हणाली, “येते न बाई, दार आपटलं का लगेच पाहते.” दार आपटलं की फरशी हादरते आणि तो हादरा त्याच्या पायाला कळतो, हे तिला कुठून माहीत असणार? मलाही नंतरच कळलं. शेवटी नोव्हेंबर 2023 मध्ये, दोन वर्षं चार महिन्यांचा असताना, त्याची ‘बेरा’ ही ऐकण्याची तपासणी झाली. दोन्ही कान जवळजवळ बंद.

त्या दिवशी घरी येऊन मी त्याच्या माता-बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स काढून बसले. वजन प्रत्येक महिन्याचं भरलेलं. माझंच अक्षर. रेघ हिरव्या पट्ट्यात सरळ वर गेलेली. लसींच्या तारखा पूर्ण. आणि बाळ केव्हा हसायला लागलं, केव्हा बसलं, नाव घेतल्यावर वळून पाहतं का, हे सांगणारं चित्रांचं पान कोरं. त्यावर एकही खूण नव्हती. माझ्याकडच्या इतर मुलांची कार्डं आठवून पाहिली, तर बहुतेकांची हीच गत. वजन-उंची मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये भरली नाही तर पर्यवेक्षिकेचा फोन येतो. ते पान भरलं का, असं मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

योजना नाही असं कोणी म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मतः असलेले दोष, पोषणाची कमतरता, बालपणचे आजार आणि विकासातला उशीर, या चारही गोष्टी त्यात तपासायच्या असतात. पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. डॉक्टर चांगले असतात, मनापासून तपासतात. पण पथक येतं त्या सकाळी खोलीत कोण बसलेलं असतं? तीन ते सहा वर्षांची मुलं. तीनच्या आतली लेकरं घरी असतात. त्यांच्या आया वजनाला आणि घरी न्यायचा आहार घ्यायला येतात आणि निघून जातात. म्हणजे ज्या वयात पाहणं सगळ्यांत गरजेचं, तीच मुलं त्या दिवशी पथकासमोर नसतात. आम्ही निरोप देतो, मदतनीस धावत जाऊन दोन-चार जणींना घेऊन येते. बाकीच्यांचे सहा महिने गेले.

2023 च्या त्याच नोव्हेंबरात केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. सेविकेने मुलाच्या वाढीचे टप्पे तपासावेत, शंका आली तर पुढे पाठवावं, असं त्यात आहे. आम्हाला त्याची माहिती दिली गेली. मात्र तपासायला वेळ कोणता, हे कोणी सांगितलं नाही. तो वेळ मला एकदा आपोआप सापडला होता.

आमच्याकडे लसीकरणाचं सत्र अंगणवाडीतच व्हायचं. नर्सबाई इंजेक्शन देऊन झालं की आईला अर्धा तास बसवून ठेवतात, काही त्रास होतो का ते पाहायला. सतरंजीवर पंधरा-वीस आया, रडणारी लेकरं, कोणी दूध पाजतंय, कोणी मोबाइल पाहतंय. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेला लसीला आलेली एक मुलगी आईच्या मांडीवर बसली होती. रडू थांबावं म्हणून मी बिस्किटाचा रिकामा पुडा तिच्या उजव्या बाजूला वाजवला. ती वळली, हसली आणि डावा हात पार आडवा आणून तिने तो पकडला. मी पुन्हा उजवीकडेच धरला, पुन्हा डावाच हात. उजवी मूठ घट्ट मिटलेली, अंगठा आत. आई म्हणाली, “डावखुरी होईन वाटते.” मला प्रशिक्षणातलं एक वाक्य आठवलं: वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल तर ते डावखुरेपण समजू नका, दुसरा हात तपासून घ्या. तिला पाठवलं. दहाव्या महिन्यात तिची फिजिओथेरपी सुरू झाली. आज ती पहिलीत आहे. किंचित लंगडते, पण उजव्या हाताने वही धरते आणि डाव्याने लिहिते. अर्धा तास हाताशी नसता तर मला ते दिसलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. बहुतेक सगळी लेकरं ज्या दोन दिवशी आपल्या पायांनी नाही तरी आईच्या कडेवर बसून येतातच, ते दिवस म्हणजे नऊ महिन्यांची लस आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला बूस्टर. त्या अर्ध्या तासात ते कोरं पान भरायचं. नऊ महिन्यांच्या बाळाला आधाराशिवाय बसवून पाहायचं, मागून हळूच नाव घ्यायचं, दोन्ही हातांनी वस्तू घेतं का ते बघायचं, ‘बाबा, दादा’ असे आवाज काढतं का ते विचारायचं. दीड वर्षाच्या मुलाचं विचारायचं ते असं: एकटं चालतं का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, आपण बोट केलं तिकडे पाहतं का, अर्थाचे काही शब्द बोलतं का. एका लेकराला पाच मिनिटं पुरतात. त्यासाठी यंत्र नको, एक खुळखुळा आणि पेन हवं. मात्र नर्सबाईंना लस आणि नोंदीच आवरत नाहीत, सेविकेला त्याच वेळी ट्रॅकर भरायचा असतो. म्हणून या कामाला त्या दिवसापुरती आणखी एक बाई लागेल, आणि तिला दोन दिवस नीट, लेकरं समोर ठेवून शिकवावं लागेल.

काही जणी म्हणतात की असं विचारलं तर आया घाबरतात, सासू म्हणते माझ्या नातवाला वेडं ठरवता का. मला हे अनेकदा ऐकावं लागलंय. यावर मी एकच करायची. आजीलाच पान दाखवायची आणि चित्रावर बोट ठेवून विचारायची, “हे करते का आपलं बाळ?” आजी स्वतःच विचारात पडायची. पान भरणं म्हणजे आजार ठरवणं नव्हे. ते डॉक्टर ठरवतील. आपण फक्त वेळेत पाठवायचं.

आणि पाठवल्यावर? ऐकू न येणाऱ्या त्या मुलाच्या आईला ‘बेरा’ तपासणीसाठी तीन खेपा घालाव्या लागल्या. एकदा यंत्र बंद, एकदा मूल झोपलं नाही म्हणून परत पाठवलं, आणि या तपासणीला मूल झोपलेलंच लागतं. तिन्ही वेळा तिने धुण्या-भांड्याच्या कामावर खाडा केला. चिठ्ठी देऊन आमचं काम संपतं आणि तिचं सुरू होतं. चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि ‘मुलाला सकाळी झोपू देऊ नका’ एवढं लिहिलेलं असतं तरी दोन खेपा वाचल्या असत्या. तान्ह्या बाळाचीही तपासणी होते हे आधी ठाऊक असतं तर तेव्हाच, बाळ झोपेत असताना कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत त्याला ऐकू येत नसल्याची शंका आली असती. ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत, असं तज्ज्ञ सांगतात. आमच्या मुलाला अठ्ठावीस महिने लागले. जन्मतः न ऐकणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते, पण ती पाच वर्षांच्या आत घ्यावी लागते. साडेतीन वर्षांचा असताना त्याचं ऑपरेशन झालं.

2025 च्या मारबतीला मी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर गेले. पहिला ढोल वाजला तशी त्याने दोन्ही कानांवर हात दाबले आणि भोकाड पसरलं. आजी त्याला छातीशी धरून रडत होती. तो आता ‘आई’ म्हणतो, ‘पाणी’ म्हणतो. बाकीची मुलं या वयात गोष्ट सांगतात. स्पीच थेरपीला आठवड्यातून दोनदा जावं लागतं आणि अजून बरीच वर्षं जावं लागेल.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. गुडघे दुखतात, पण सतरंजीवर बसता येतं. आमच्या भागात लसीकरण असेल त्या दिवशी मी स्वतः येऊन ते पान भरायला तयार आहे, मानधन नको. माझ्यासारख्या निवृत्त सेविका या शहरात पुष्कळ आहेत, त्यातल्या सहा जणींशी माझं बोलणं झालं आहे, त्याही तयार आहेत. परवानगी आरोग्य विभागाकडे मागायची की बाल विकास प्रकल्प कार्यालयाकडे, हे संबंधितांनी आपल्याच पत्राच्या रकान्यातून कळवावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
तांडापेठ, नागपूर