जुने लेखन पुसू नका, आड ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्लॉग लिहिण्यासाठीची ब्लॉगर ही सेवा 1999 साली सुरू झाली आणि वर्डप्रेस 2003 साली आले. त्यानंतरच्या दशकात ज्यांनी हौसेने, नेमाने आणि बहुधा कोणताही मोबदला न घेता जालावर लिहिले, ती माणसे आता वयाने आणि विचारांनीही बरीच पुढे आली आहेत. विशीत ठासून मांडलेले मत आज त्यांना स्वतःलाच पटत नाही. मुलांचे बोबडे किस्से तेव्हा कौतुकाने लिहिले, पण ती मुले मोठी झाल्यावर आपली पोरवयातली फजिती चारचौघांनी वाचावी हे त्यांना रुचत नाही. एखाद्याचे नाव शोधले की त्याचे आजचे काम मागे राहते आणि पंधरा वर्षांपूर्वीचा रागाच्या भरात लिहिलेला लेख आधी समोर येतो. अशा वेळी पुष्कळ जण एका बैठकीत सगळे पुसून मोकळे होतात. हे पत्र त्या घाईविरुद्ध आहे. लेखन वाचकांच्या नजरेआड करणे आणि लेखन नष्ट करणे या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत, आणि पहिलीने काम भागत असेल तिथे दुसरी करू नये, एवढे मला कळकळीने सांगायचे आहे.

पुसण्यातले नुकसान पुसताना दिसत नाही, कारण त्या क्षणी डोळ्यांसमोर फक्त आपला नको असलेला मजकूर असतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी आपला सगळा जुना ब्लॉग असाच काढून टाकला. त्यातील बरेचसे लेख त्यांना खरोखरच नकोसे झाले होते आणि त्याबद्दल त्यांची आजही तक्रार नाही. परंतु वडिलांच्या आजारपणावर लिहिलेल्या एका लेखाखाली त्यांच्या थोरल्या भावाने सविस्तर प्रतिक्रिया लिहिली होती; वडिलांच्या तरुणपणातील काही गोष्टी तिच्यात अशा होत्या, की त्या दुसरीकडे कुठेही नोंदलेल्या नव्हत्या. भाऊ गेल्यानंतर त्या ओळींची आठवण झाली, तेव्हा लेखाबरोबर प्रतिक्रियाही कायमची गेल्याचे त्यांच्या ध्यानात आले. लेख लेखकाचा असतो, पण त्याखाली जमलेला संवाद एकट्या लेखकाचा नसतो, ही गोष्ट ‘डिलीट’चे बटण दाबताना मनात येत नाही.

वास्तविक, मजकूर आड ठेवण्याची सोय या दोन्ही सेवांमध्ये हाताशी आहे. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक लेखासाठी तो सर्वांना दिसावा, पासवर्ड असलेल्यांनाच दिसावा की पूर्णपणे खासगी असावा, हे वेगवेगळे ठरवता येते. लेख ‘प्रायव्हेट’ केला की तो खुद्द लेखकाला आणि त्या संकेतस्थळाचे व्यवस्थापक व संपादक म्हणून नोंदलेल्यांनाच दिसतो. बाकी कोणीही त्या पत्त्यावर आले तर पान सापडले नाही एवढाच संदेश मिळतो. लेखाची मूळ तारीख आणि त्याखालच्या प्रतिक्रिया मात्र जागच्या जागी राहतात, आणि मन बदलले तर लेख जसाच्या तसा पुन्हा खुला करता येतो. लेखांच्या यादीत एकाच वेळी अनेक लेख निवडून त्यांची स्थिती बदलता येत असल्यामुळे शेकडो लेखांसाठीही हे काम फार वेळखाऊ नाही. ब्लॉगरवर एकेक लेख खासगी करण्याची सोय नाही. तिथे लेख पुन्हा ‘ड्राफ्ट’मध्ये न्यावा लागतो, किंवा सेटिंगमध्ये जाऊन संपूर्ण ब्लॉगच निमंत्रित वाचकांपुरता मर्यादित करावा लागतो. पुष्कळ जण लेख कचरापेटीत टाकतात आणि तो तिथे सुरक्षित आहे असे समजतात. तसे नाही. वर्डप्रेसची कचरापेटी नेहमीच्या मांडणीत 30 दिवसांनी आपोआप रिकामी होते.

पासवर्डचा पर्याय मला स्वतःला अर्धवट वाटतो. त्यात लेखाचा मजकूर झाकला जातो, पण शीर्षक आणि तारीख मुखपृष्ठावर दिसतच राहतात. ज्या लेखाच्या शीर्षकातच एखाद्याचे नाव किंवा आपला जुना संताप आहे, त्याला कुलूप लावून उपयोग कोणता? उलट, इथे काहीतरी झाकलेले आहे, असे येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून कळते. एकदा पासवर्ड दिला की तो वाचकाच्या ब्राउझरमध्ये दहा दिवस ग्राह्य धरला जातो, ही बाबही सार्वजनिक संगणकावर वाचणाऱ्यांच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुटुंबापुरते किंवा मोजक्या मित्रांपुरते लेखन ठेवायचे असेल, तर हा मार्ग ठीक आहे.

आता या सगळ्याची जी बाजू सहसा सांगितली जात नाही, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. लेख खासगी केला म्हणजे त्याच्याशी जोडलेले सर्व काही खासगी झाले, असे होत नाही. वर्डप्रेसमध्ये चढवलेली छायाचित्रे लेखाच्या आत राहत नाहीत. ती वेगळ्या फोल्डरमध्ये साठवली जातात आणि प्रत्येक छायाचित्राला स्वतःचा पत्ता असतो. लेख आड गेल्यानंतरही तो पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही छायाचित्र उघडता येते, आणि गूगलसारख्या शोधयंत्राने ते आधीच टिपून ठेवले असेल तर चित्रांच्या शोधात ते दिसतही राहू शकते. ज्यांनी मुलांच्या किंवा आजारी माणसांच्या छायाचित्रांसाठीच लेख झाकले, त्यांनी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. ती छायाचित्रे आधी स्वतःकडे उतरवून घ्यावीत आणि मग संकेतस्थळाच्या माध्यम-संग्रहातून काढून टाकावीत. त्याचप्रमाणे ज्यांनी ईमेलने किंवा फीडच्या (नवे लेख आपोआप वाचकाकडे पोहोचवणाऱ्या सोयीच्या) साहाय्याने तो ब्लॉग वाचला, त्यांच्याकडे पोहोचलेली प्रत परत घेता येत नाही. प्रकाशित केलेली गोष्ट काही प्रमाणात आपल्या हातून सुटलेलीच असते, हे मान्य करून मगच पुढचे निर्णय घ्यावेत.

शोधयंत्रांच्या बाबतीत तर फारच गोंधळ दिसतो. अनेक जण, शोधयंत्रांनी कुठे येऊ नये हे सांगणाऱ्या ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाच्या फाइलमध्ये आपल्या नको असलेल्या पानांचे पत्ते लिहून ठेवतात आणि ती पाने झाकली गेली असे मानतात. ही पद्धत 1994 पासून चालत आलेली आहे आणि 2022 मध्ये तिला औपचारिक मानकाचे रूप मिळाले. पण तिचे स्वरूप दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावण्यासारखे आहे, कुलपासारखे नाही. सभ्य यंत्रे ती पाळतात, बाकीच्यांवर तिचे बंधन नाही. शिवाय ती फाइल कोणालाही उघडून वाचता येते, त्यामुळे जे लपवायचे आहे त्याची यादीच आपण जाहीर करून बसतो. पान शोधात येऊ नये, पण लिंक असलेल्याला वाचता यावे, अशी इच्छा असेल तर त्या पानावर ‘नोइंडेक्स’ (शोधयादीत घेऊ नये) ही सूचना ठेवावी. मात्र ही सूचना वाचण्यासाठी यंत्राला त्या पानापर्यंत येऊ द्यावे लागते. एकीकडे पाटी लावून त्याला अडवायचे आणि दुसरीकडे आतल्या सूचनेची अपेक्षा ठेवायची, या दोन्ही गोष्टी एकदम केल्या तर इतर संकेतस्थळांवरच्या लिंकांमुळे पानाचा पत्ता शोधात तसाच उरू शकतो. संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या सर्च कन्सोल या साधनातून पान काढण्याची विनंती करता येते, पण ती सोय साधारण सहा महिन्यांपुरती असते. तेवढ्या काळात मूळ पानाची व्यवस्था झालेली नसेल तर ते परत दिसू लागते.

याशिवाय इंटरनेट अर्काइव्ह ही जालावरच्या पानांच्या प्रती जपणारी, 1996 साली स्थापन झालेली संस्था आहे, आणि तिचे ‘वेबॅक मशीन’ 2001 पासून सर्वांसाठी खुले आहे. आपण आड ठेवलेल्या लेखाची जुनी प्रत तिथे असू शकते. आपल्या संकेतस्थळाची पाने तिथून वगळावीत अशी विनंती संकेतस्थळाचा मालक त्या संस्थेला करू शकतो. कोणाच्या सुरक्षिततेचा किंवा खासगी आयुष्याचा प्रश्न असेल तर ती जरूर करावी; केवळ आपली जुनी शैली कच्ची वाटते म्हणून करू नये, असे माझे मत आहे. कच्चे लेखन हा कमीपणा नाही. पुढे चांगले लिहू लागलेल्या माणसाची वाटचाल त्यातच दिसते, आणि त्याच वाटेवर नुकत्याच आलेल्या तरुणांना तिचा आधार वाटतो.

आड ठेवण्याचा हा मार्ग सरसकट योग्य आहे, असेही मी म्हणणार नाही. एखाद्या लेखातली माहिती चुकीची ठरली असेल आणि दुसऱ्यांनी त्या माहितीचा आधार घेऊन पुढे काही लिहिले वा केले असेल, तर तो लेख गुपचूप झाकणे हा वाचकांवर अन्याय आहे. तिथे लेख खुला ठेवून त्याच्या माथ्यावर दुरुस्ती लिहावी, तारीख घालावी आणि काय बदलले ते स्पष्ट सांगावे. सार्वजनिक जबाबदारीच्या पदावर असलेल्यांनी तर आपली जुनी जाहीर मते झाकण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण त्या मतांचा जाब विचारण्याचा अधिकार लोकांना आहे. याच्या उलट टोकाला असा मजकूर आहे, जो आड ठेवणेही पुरेसे नाही: कोणाचा फोन क्रमांक, घराचा पत्ता, वैद्यकीय कागद, किंवा संमतीवाचून लिहिलेली दुसऱ्याची खासगी गोष्ट. खासगी केलेला लेखही शेवटी कुठल्या तरी सर्व्हरवर असतोच, आणि पासवर्ड फुटला की तो उघडा पडतो. असा मजकूर काढूनच टाकला पाहिजे, आणि वर्डप्रेस प्रत्येक लेखाच्या जुन्या आवृत्त्याही जपून ठेवत असल्यामुळे, नुसत्या त्या ओळी खोडून भागत नाही याचेही भान ठेवले पाहिजे.

लेख झाकल्यानंतर त्या जागी काय दिसते, हाही वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. कोणी तरी स्वतःच्या लेखात आपल्या लेखाचा दाखला दिलेला असतो, कोणी लिंक जपून ठेवलेली असते, आणि ती उघडल्यावर नुसते ‘पान सापडले नाही’ असे आले तर पत्ता चुकला, संकेतस्थळ बंद पडले की लेखकाचेच काही झाले, हे कळायला मार्ग नसतो. यावर सोपा उपाय असा की मूळ मजकुराची प्रत वेगळ्या खासगी लेखात ठेवावी आणि जुन्या पत्त्यावर दोन ओळींची सूचना लिहावी: हा लेख लेखकाने वाचनातून काढून घेतला आहे, आवश्यकता असल्यास संपर्क साधावा. मोठ्या संग्रहाच्या बाबतीत हे प्रत्येक लेखासाठी शक्य होणार नाही, पण ज्या लेखांचे दाखले इतरत्र दिले गेले आहेत त्यांच्यासाठी एवढे कष्ट लेखकाने घ्यावेत.

आणि हे सगळे करण्याआधी संपूर्ण संग्रहाची प्रत स्वतःच्या हाती घ्यावी. खासगी केलेला लेख सेवा चालू आहे तोवरच सुरक्षित असतो. जिओसिटीज या एके काळच्या अतिशय लोकप्रिय सेवेवरील असंख्य घरगुती पाने 2009 मध्ये ती बंद झाल्यावर गेली. काही हौशी संग्राहकांनी धावपळ करून त्यातला जेवढा भाग उतरवला तेवढाच वाचला. सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठीचे गूगल प्लस हे समाजमाध्यम 2019 मध्ये असेच मिटले. वर्डप्रेसच्या ‘एक्सपोर्ट’मधून लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलमध्ये मिळतात, पण छायाचित्रांचे त्यात फक्त पत्ते असतात, छायाचित्रे नसतात. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे बॅकअप घेतल्याच्या समाधानात राहिलेल्या लोकांना पुढे रिकाम्या चौकटी पाहाव्या लागतात. छायाचित्रे वेगळी उतरवावीत, आणि दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

आपल्या वृत्तपत्राला हे पत्र लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. 2014 साली युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने निकाल दिलेल्या एका गाजलेल्या खटल्यात, स्पेनमधील एका नागरिकाची तक्रार होती की 1998 मध्ये वृत्तपत्रात आलेली त्याच्या थकबाकीसंबंधीची जाहीर सूचना त्याचे नाव शोधल्यावर अजूनही दिसते. न्यायालयाने शोधयंत्राला त्या नावाच्या शोधातून लिंक वगळण्यास बांधील धरले. वृत्तपत्राच्या संग्रहातले पान मात्र जागेवरच राहिले. माणसाला दिलासा मिळाला आणि नोंदही टिकली. हीच दृष्टी वृत्तपत्रांनी आपल्या संकेतस्थळांच्या बाबतीत ठेवावी, अशी माझी विनंती आहे. संकेतस्थळाचे रूप बदलताना बाहेरच्या लेखकांची जुनी सदरे आणि वाचकांच्या प्रतिक्रिया पुष्कळदा न कळवता नाहीशा होतात. तो मजकूर वाचकांना दाखवायचा नसेल तर दाखवू नये, तो अधिकार संपादकांचा आहे. पण काढण्यापूर्वी संबंधित लेखकांना पुरेशी मुदत देऊन कळवावे, त्यांच्या लेखनाची प्रतिक्रियांसह एक प्रत त्यांना द्यावी, आणि एक प्रत आपल्या संग्रहात ठेवावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक