हिच्या मापाची रायफल

नागपूर,
१४ डिसेंबर

प्रिय दिगू,

"अबे, बायकोसाठी बंदूक बनवून राहिला म्हणे?" एवढं विचारून तू हसत सुटलास, आणि मागे तुझा लेथ असा ओरडत होता की माझं उत्तर तुझ्या कानापर्यंत पोचलंच नसणार. म्हणून लिहायला बसलो. शेवटी तुझ्यासाठी एक कामही आहे, तेव्हा पत्र अर्ध्यात टाकू नकोस.

आधी कायद्याचं बोलून मोकळा होतो. घरी बसून खरी बंदूक घडवणं हा सरळ गुन्हा आहे, तसलं काही मी केलेलं नाही. ही दहा मीटरवर मारायची एअर रायफल. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, ताकद सात-आठ ज्यूल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तीही जुनी घेतली, जर्मन बनावटीची. बॅरल, व्हॉल्व्ह, ट्रिगरची पेटी, सगळं कारखान्यातून आलं तसंच आहे, एका स्क्रूलाही हात लावला नाही. मी केला तो फक्त स्टॉक, म्हणजे दस्ता. अंगाला जिथे जिथे बंदूक टेकते तेवढाच भाग माझा.

हे खूळ डोक्यात घातलं ते तुमच्या कांबळवाडीच्या पोराने. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकला रायफल नेमबाजीत ब्राँझ जिंकलं, ते आम्ही दोघं टीव्हीवर बघत होतो. जत्रेतले फुगेसुद्धा कधी न फोडलेली तुझी वहिनी शांतपणे म्हणाली, "हे मला जमेल. हलायचं नाही, चिडायचं नाही. बँकेत काउंटरला दिवसभर दुसरं काय करते मी?" मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. नाही विसरली. कुसाळेची रायफल पॉइंट टू-टू, म्हणजे खऱ्या गोळीची, परवान्याची, ५० मीटरची. तिचा नाद सोडून दहा मीटरच्या एअर रायफलवर आलो.

क्लबातली रायफल खांद्याला लावण्याआधी तिथल्या प्रशिक्षक बाईंनी हिचा डोळा तपासला. दोन्ही हात लांब करायचे, तळव्यांमध्ये छोटीशी खिडकी करायची, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि मग एकेक डोळा मिटायचा. उजवा मिटला तरी घड्याळ जागेवर, डावा मिटला की गायब! म्हणजे लिहायचा हात उजवा आणि हुकूम डाव्या डोळ्याचा. अशा वेळी एक उपाय असतो, दुसऱ्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटरची पट्टी लावून उजव्या खांद्यावरूनच मारायचं. बाई म्हणाल्या, हिला अजून कसलीच सवय नाही, तर डाव्या खांद्यावरच शिकू द्या. मला पटलं. वर्षानुवर्षं उजव्याने मारणाऱ्याला खांदा बदल म्हटलं तर तो बंदूकच ठेवून देईल, नवशिक्याला काय त्याचं? मजा अशी की छर्रा घालायची खिटी उजव्या बाजूला आहे. आता हिचा डावा हात मुठीवरून हलतही नाही, रिकामा उजवा हात खिटी उघडतो.

मापं घ्यायची ती जॅकेट घालून. हे लिहून ठेव, तुझ्या कोल्हापुरात एवढे नेमबाज आहेत, उद्या कोणी तुझ्याकडेही येईल. शूटिंगचं जॅकेट जाड कॅनव्हासचं असतं. साध्या कुडत्यावर माप घेतलंस की जॅकेट चढवल्यावर दस्ता लांब होतो, बोट ट्रिगरला नुसतं टोकाने लागतं आणि मान पुढे ताणावी लागते. रायफलीचा आधीचा मालक सहा फुटी, ही पाच फूट एक इंच. त्याचा दस्ता तिने खांद्याला लावला तेव्हा गालपट्टीच्या जागी तिचा कान आला होता.

आणखी एक, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं. उभ्याने मारताना आधाराचा हात स्नायूंच्या जोरावर उचलून धरायचा नसतो, कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं असतं. मग रायफलीचं वजन हाडांवरून सरळ जमिनीत जातं. तिला डोळे मिटून उभं केलं, म्हटलं, हात जिथे आपोआप टेकतो तिथे टेकव आणि समोर बघायला मान जशी सरळ ठेवशील तशी ठेव. मग तळव्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. बाकीचा सगळा हिशेब या एका अंतरावर बसतो. तळवा आणि रायफल यांच्यामधला लाकडी ठोकळा किती उंच, गालपट्टी किती वर, पीप साइटखाली, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक भोकाच्या चकतीखाली, किती जाडीची पट्टी घालायची, सगळं त्यातूनच निघतं. अंतर चुकलं की माणूस मान वाकडी करून ते भरून काढतो. मान वाकडी झाली की कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र गोंधळतं, आणि मग तो म्हणतो, आज हात थरथरतोय.

लाकडासाठी लकडगंज पालथं घातलं. एक दुकानदार शिसमासाठी फार गळ घालत होता, दिसायला देखणं म्हणून. पण शिसम जड. मला वजन हवं होतं, मात्र हव्या त्या जागी, धातूच्या तुकड्यांनी, पुढे कमी-जास्त करता येईल असं. म्हणून सागवान. तेही नवं नाही. महालातला एक वाडा पाडत होते, तिथल्या दाराच्या चौकटीचा तुकडा मिळाला. इतकं जुनं, मुरलेलं लाकूड नागपूरचा मे आणि जुलै दोन्ही बघून बसलेलं असतं, आता ते फार फुगायचं-आकसायचं नाही. त्रास एवढाच की सागवानात वाळूचा अंश असतो, रंध्याची पाती भराभर बोथट होतात. शिवाय अंगचं तेल. चिकटवण्याआधी थिनरने पुसलं नाही तर ॲराल्डाइट धरत नाही.

मुठीचा साचा एम-सीलच्या लगद्याने केला. प्लॅस्टिक गुंडाळून तिच्या हातात दिला, म्हटलं, भाजीच्या पिशवीसारखं धर, जोर लावू नकोस. तो साचा घेऊन मिस्त्रीकडे गेलो. म्हातारा मिस्त्री, अर्धं आयुष्य पलंगाचे पाय कोरण्यात गेलेलं. साचा उलटसुलट फिरवत म्हणाला, "साहब, इतना टेढ़ा किसके लिए?" म्हटलं, बीवी के लिए. पुढे काही विचारलं नाही, पण पैसे घेताना माझ्याकडे जरा दयेने बघितलं असं वाटलं. काम मात्र सुरेख केलं. रायफलीचे दोन स्क्रू जिथे बसतात तिथे ॲल्युमिनियमच्या नळ्या घालून भोवती इपॉक्सी भरलं, म्हणजे लाकूड थोडंफार हललं तरी बॅरल हलणार नाही. उन्हाळ्यात हे काम करायला गेलास तर इपॉक्सी वाटीतच घट्ट होतं, म्हणून भल्या पहाटे उरकलं.

आता वजन. ज्याला त्याला सल्ला एकच सुचतो, बाई माणूस आहे, हलकी दे. हा शुद्ध अडाणीपणा. हलकी बंदूक नाडीच्या ठोक्यानेही हलते. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत चालतं. हिची सध्या सव्वाचार किलोच्या आसपास आहे आणि बरंचसं वजन दोन्ही हातांच्या मध्ये आणलंय. टोकाकडे वजन नेलं की पाठ दुखते, ते नंतर, पाठ तयार झाली की वाढवता येईल. ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास. हवेचा सिलिंडर तेवढा नवा घ्यावा लागला, कारण या जर्मन सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते आणि तारीख त्याच्यावरच ठोकलेली असते. जुनी रायफल कोणी स्वस्तात देऊ लागला तर आधी ती तारीख वाच.

शिकवायच्या भानगडीत मी पडत नाही. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये आणि बंदूकही. शिकवतात बाई, माझ्या हातात फक्त ॲलन की. ही "गाल जरा उंच वाटतोय" म्हणाली की मी पट्टी मिलिमीटरभर खाली करतो, वहीत लिहितो आणि गप्प बसतो. पुढच्या साइटची रिंग बाईंनी मुद्दाम मोठी लावलीय. निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, तो दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही. ३०.५ मिलिमीटरचा काळा गोळा रिंगच्या मधोमध तरंगू द्यायचा, एवढंच. लहान रिंग लावली की नवा माणूस गोळा पकडून ठेवायला जातो, श्वास कोंडतो, आणि छर्रा भलतीकडे. दहा बरेचदा येतात आता. पण सात लागला तरी ही सुस्कारा सोडत नाही, ते मला जास्त आवडतं. मी असतो तर बंदुकीला शिव्या घातल्या असत्या.

आता तुझं काम. जुनी बट प्लेट, म्हणजे दस्त्याच्या मागे खांद्याला टेकणारी पट्टी, मोठ्या खांद्याची आहे, हिच्या काखेत टोचते. खांद्याच्या खोबणीचा आकार मी तारेने घेऊन जाड पुठ्ठ्यावर काढलाय, तो सोबत आहे. शिरोलीत तुला ॲल्युमिनियमचा तुकडा सहज मिळेल. बाक पुठ्ठ्याप्रमाणे, कडा सगळ्या गोल, आणि मागच्या दांड्यावर वर-खाली सरकायला उभी खाच. पॉलिश करू नकोस, चकचकीत प्लेट जॅकेटवर घसरते, वर रबर मी चिकटवीन. आणि दस्ता डावखुरा आहे हे विसरू नकोस, बाक नेहमीच्या प्लेटपेक्षा उलटा येईल. पैशाचं बोलू नकोस. आंबिया बहाराची संत्री आलीत, पेटी कुरिअरने टिकत नाही म्हणून संत्रा बर्फी पाठवतोय.

वहिनींना नमस्कार. प्लेट जानेवारीच्या आत झाली तर बरं, क्लबाची स्पर्धा आहे आणि हिने नाव दिलंय.

तुझा,
प्रभ्या