पाटणच्या मिस्त्रीकाकांना, जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही "कामच होतं ते" म्हणून विषय मिटवलात. म्हणून चारचौघांत लिहितोय. जुनी गाडी गरम होते म्हणून हैराण झालेले लोक गावोगाव आहेत, आणि बहुतेकांना शेवटी एकच ऐकायला मिळतं: हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल. मलाही तेच सांगितलं होतं. तुम्ही माझं इंजिन खोलू दिलं नाहीत, त्याबद्दल हे पत्र.

आमची मारुती 800 ही 1998 ची, कार्ब्युरेटरवाली. वडिलांनी घेतलेली, आणि आता आईला चिपळूणहून कराडला दवाखान्यात न्यायला तिचाच आधार. पोफळी सोडून कुंभार्ली घाट लागला की दुसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा वर सरकायला लागायचा. मग वळणावर जागा बघून गाडी बाजूला, बोनेट वर, आणि आई रस्त्याकडेच्या कठड्यावर डोक्याला पदर घेऊन बसलेली. तिने कधी तक्रार केली नाही, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

त्याआधी गाडीवर बरंच काम झालं होतं. रेडिएटरचं रॉडिंग केलं (आतल्या नळ्या सळईने साफ केल्या), वॉटर पंप बदलला, पंख्याची मोटर नवी बसवली. पंप खरंच गळत होता, तेव्हा ते काम वाया गेलं असं म्हणणार नाही. एका गॅरेजात तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढूनच टाकला, "आपल्याकडच्या हवेत लागत नाही" म्हणून. दरवेळी थोडे दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा घाटात तेच.

तुमच्याकडे गाडी आणली तेव्हा तुम्ही पान्याला हातसुद्धा लावला नव्हता. चहा मागवलात आणि विचारत बसलात. उभी असताना तापते की पळताना? चढाला की सपाटीलाही? काटा चढतो तेव्हा पंखा फिरत असतो का? रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी वाढतं की कमी होतं? आजवर सगळ्यांनी "काय झालं" विचारलं होतं. "कधी होतं" हे विचारणारे तुम्ही पहिले. मी सांगितलं, गुहागर रस्त्याला साठच्या वेगात काटा जागचा हलत नाही, पण चिपळूणच्या बाजारात आणि घाटात चढतो. तेवढ्यावर तुम्ही म्हणालात, "वेगात थंड राहते म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटरही तुंबलेला नाही. हवा कमी पडते तिथे अडतंय." एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचं कान देऊन ऐकणं म्हणजे काय, ते त्या दिवशी बघितलं.

तरीही गॅस्केटची शंका तुम्ही अंदाजाने उडवून लावली नाहीत. गाडी रात्रभर ठेवून घेतलीत. सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडून स्टार्ट केलंत आणि मला रेडिएटरच्या तोंडात बघायला लावलंत: बुडबुड्यांची धार येतेय का? नव्हती. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी झालेलं नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नव्हता, चालू केल्याबरोबर वरचा होज पाईप टणक होत नव्हता. म्हणालात, "शंभर टक्के कोणी सांगू नये, पण आज तरी खोलायला एकही कारण नाही." हे वाक्य बोलायला मन मोठं लागतं, कारण इंजिनचं काम काढलं असतं तर पैसे तुम्हालाच मिळणार होते.

मग ती वर्तमानपत्राची गोष्ट. पाणी तापून पंखा सुरू होईपर्यंत तुम्ही थांबलात आणि पेपरचं एक पान जाळीसमोर धरलंत. पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला. त्याने समोरची हवा आत ओढायची, म्हणजे कागद जाळीला चिकटायला हवा. पान फडफडलं आणि उलट तुमच्याच अंगावर आलं. पंखा उलटा फिरत होता! मोटर बदलताना कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापून वायरी नुसत्या टेपने जोडल्या होत्या, आणि प्लस-मायनस फिरले होते. अशा मोटरला वायरी उलट दिल्या की ती उलटीच फिरते. पंखा चालू होतो का, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. वारा कुठे जातो, हे कोणी पाहिलं नव्हतं. संथ चढाला समोरून येणारा थोडासा वारा आणि आतून बाहेर फेकणारा पंखा, दोघे एकमेकांना अडवत होते. पळताना समोरचा वारा भारी पडायचा, म्हणून काटा शांत. तुम्ही वायरी फिरवून नवं कपलर बसवलंत, पुन्हा पान धरलंत, आणि ते जाळीला घट्ट चिकटलं.

इथे दुसरा कोणी थांबला असता. पण मोटर बदलण्याआधीही गाडी थोडी तापायची हे मी बोलता बोलता सांगितलेलं तुमच्या लक्षात होतं. तुम्ही रेडिएटरचं झाकण माझ्या हातात दिलंत. त्याची स्प्रिंग अंगठ्याने सहज दबत होती, वरचं रबर तडकलेलं. झाकणावर 0.9 (बार, म्हणजे दाबाचा आकडा) लिहिलेलं असतं ते कशासाठी, हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. तेवढा दाब टिकला तर साधं पाणीही साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही. दाब टिकला नाही तर शंभराला उकळणार, घाटमाथ्यावर त्याच्याही थोडं आधी. स्प्रिंग ढिली म्हणून पाणी लवकर बाटलीत जायचं, आणि रबर तडकलेलं म्हणून थंड होताना बाटलीतलं पाणी परत न ओढता हवाच आत यायची. बाटली भरलेली, रेडिएटर अर्धा रिकामा. मी बाटली बघून निर्धास्त राहायचो.

थर्मोस्टॅटही तुम्ही परत बसवलात. तो नसला की इंजिन हवं तेवढं तापायला उशीर लावतं आणि पेट्रोल जास्त पितं, हे सांगितलंत, आणि खरंच आता सकाळी चोक लवकर आत ढकलता येतो. बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं-निम्मं भरलंत. सामानाचे पैसे घेतलेत, मजुरी मात्र मला बळेच द्यावी लागली.

घाटात गाडी तापल्यावर ओलं फडकं टाकून झाकण फिरवणारी मंडळी अजून दिसतात. तुम्ही मनगटावरचा जुना डाग दाखवून मला जे बजावलंत, तेच मी आता त्यांना थांबून सांगतो: आधी थंड होऊ द्या, नंतर उघडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं.

तुम्ही विचारलं होतं, म्हणून कळवतो. त्यानंतर भर मे महिन्यातही आईला घेऊन घाट चढलो, काटा मध्याच्या वर गेला नाही. बाटलीतली पातळी खुणेवर आहे. कुलंट दोन वर्षांनी बदलायला सांगितलंत, त्याची तारीख बोनेटच्या आतून रंगाने लिहिली आहे. ते काम तुमच्याच हातून करून घ्यायचं आहे. आईने तुम्हाला आणि काकूंना नमस्कार सांगितला आहे.

आपला,
चिपळूणचा मारुतीवाला