बाह्या दुमडून देणाऱ्या अंकलना

अंकल,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाका ओ वहिनी" म्हणून विषय बदलता. म्हणून आता चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. बेळगावच्या कॅम्पात ज्यांनी तुमच्या हातचा पाव खाल्लाय त्यांना कळेलच.

आमच्या ह्यांचा जन्म उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर गेला. पहिल्या पाळीला चहा-ब्रेड, डब्यात लोणचं-पापड, संध्याकाळी खारी. बीपी कधी वाढलं ते कळलं नाही. झटका आला तेव्हा कळलं. जीव वाचला, डावा हात मात्र अधू राहिला.

मग सल्ल्यांना तोटा नव्हता. मोठ्या दवाखान्यात आहाराचं छापील इंग्रजी पान हातात ठेवलं. त्यात ओट्स, किनवा, ऑलिव्ह तेल. शहापुरातला माणूस सकाळी उठून काय खातो, एवढं विचारायला तिथं कुणाला सवड नव्हती. त्यातलं कामाचं एकच: दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. पाठोपाठ एक वेलनेसवाली बाई पावडरीचे डबे घेऊन आली. किंमत ऐकूनच ह्यांचं बीपी चढलं असणार. पाहुणे यायचे ते खाऱ्या बिस्किटांचे पुडे घेऊन, आणि उठताना "मीठ बंद करा हं" सांगून जायचे.

जेवणाचं माझं मी बघितलं. ज्वारीची भाकरी घरात होतीच. विकतचे मसाले बंद केले, संकेश्वरी मिरची आणून तिखट कुटून घेतलं, कारळ्याची चटणी बिनमिठाची करून वर लिंबू पिळायला लागले. गाडी अडली ती सकाळच्या चहाशी. ह्यांना पाव हवा म्हणजे हवाच, आणि दुकानदार तब्येतीचा म्हणून ब्राऊन ब्रेड गळ्यात मारायचा. तुम्ही पुडा उलटा केलात. "मागं वाचा ओ. जे जास्त घातलंय ते पहिलं लिवत्यात." पहिलं नाव मैद्याचं, आणि तपकिरी रंग कॅरमेलचा! पाव चांगला फुगावा म्हणून पिठात पोटॅशियम ब्रोमेट घालायचे आणि 2016 मध्ये सरकारनं त्यावर बंदी आणली, हेही तुमच्याकडूनच कळलं. आयुष्य भट्टीपुढं काढलेला माणूस आपल्याच धंद्याचं इतकं उघड बोलतो, याचं मला अजून नवल वाटतं.

माझं माहेर निपाणीकडचं, त्यामुळे घरात खपली गहू. आमच्यात खपली म्हणजे खीर. तिचा पाव तुम्हालाही नवा होता आणि तसं तुम्ही सरळ म्हणालात. पाव बसका निघाला तेव्हा म्हणालात, "ह्या गव्हाला ताण कमी. वर येत नाही तर भांडू नका त्याच्याशी." मग निम्मा साधा गहू मिसळला. मीठ निम्म्यावर आणलंत, सगळं मात्र काढू दिलं नाहीत. मीठ नसलं की यीस्ट मोकाट सुटतं म्हणे.

पण पाव करायला आणखी कुणीही शिकवलं असतं. मी लिहायला बसले ती त्या बाह्यांसाठी.

पीठ परातीत होतं. मी हात घालणार तोच तुम्ही म्हणालात, "तुम्ही नको वहिनी. साहेब मळतील." हे खुर्चीत, डावा हात मांडीवर टॉवेलखाली. तेव्हा ह्यांना बाहीचं बटण काढता येत नव्हतं, आणि मी काढायला गेले की चिडायचे. तुम्ही काही विचारलं नाहीत. आधी आपली बाही वर केलीत, दोन घड्या. मग बोलता बोलता त्यांचं बटण काढून त्यांचीही, तेवढ्याच दोन घड्या. बेकरीत नव्या पोराला कामाला लावताना करत असाल तसं. आणि परात पुढं सरकवलीत. "लेथवरचा हात हाय. बघू जोर."

फिजिओनं दिलेला रबरी चेंडू हे कपाटावर भिरकावायचे. पीठ घाम येईपर्यंत मळलं. डाव्या हाताची बोटं पिठात बुडालेली, त्यातली किती चालतायत ते कुणाला दिसत नव्हतं. मी आत जाऊन उगाच भांडी वाजवली, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

तोवर भेटलेल्या प्रत्येकानं ह्यांना काय करायचं नाही तेच सांगितलं होतं. त्यांत शिकलेले किती, आपले म्हणवणारे किती! इथं पाटीवर कुठली अक्षरं यावरून रान पेटतं, आणि अडल्या वेळी दार वाजवतो तो तिसराच कुणीतरी. अशी माणसं गल्लोगल्ली आहेत, अंकल, फक्त ती कार्ड छापत नाहीत.

गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहणार, असं डॉक्टर म्हणतात. पावानं बरं वाटलं असं मी कुणाला सांगत नाही. पण पीठ आता हेच मळतात, मला हात लावू देत नाहीत.

आईनं तुमच्यासाठी खपली काढून ठेवलीय. पैसे घेतले नाहीत, गहू तरी घ्या. रविवारी चर्चमधून परस्पर इकडेच या. ह्यांचं म्हणणं आहे की तुमच्या पावाची खालची बाजू जरा जास्तच भाजते. हे मी सांगितलं असं मात्र सांगू नका.

तुमची,
शहापूरची वहिनी