उइघुर नानचा मधला भाग फुगू देऊ नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पुरवण्यांमधून आणि मोबाईलवर फिरणाऱ्या ‘उइघुर नान’च्या कृतींत दही, खाण्याचा सोडा आणि वरून लोणी असतेच. असा नान चवीला चांगला लागेल, पण तो ढाब्यावरचा बटर नान. उइघुर लोकांचा, म्हणजे चीनच्या शिनजियांगमधल्या काशगर, तुर्फानकडचा नान यीस्टवर फुगवलेला असतो, काठ जाड आणि मऊ, मध्य पातळ, ठशांनी टोचलेला आणि खुसखुशीत. तिकडे त्याच्या भट्टीला तोनूर म्हणतात. सातारा-सांगलीतल्या घरांत तो सहज जमतो, म्हणून नीट कृती लिहीत आहे.

सगळा घोळ एका सवयीमुळे होतो. भाकरी टम्म फुगली की आपला हात बरोबर पडला असे आपण मानतो. इथे मधला भाग फुगला की नान बिघडला. पोकळी झाली की वरचा पापुद्रा करपतो आणि खालचा कच्चा राहतो.

चार नानसाठी ३५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम चक्कीची कणीक, दीड चहाचा चमचा मीठ, एक चमचा साखर, दोन चहाचे चमचे इन्स्टंट यीस्ट, दोन मोठे चमचे तेल आणि साधारण ३१० मिली कोमट पाणी घ्यावे. बोटाला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात यीस्ट मरते. एप्रिल-मेमध्ये मात्र माठातले पाणी घ्यावे आणि यीस्ट निम्मे करावे, नाहीतर पीठ पाऊण तासाच्या आत आंबते. आपल्याकडे खपलीचे कौतुक आहे आणि ते रास्तही आहे, पण खपलीच्या पिठाचा चिकटपणा कमजोर असतो. निव्वळ खपलीचा काठ उभा राहत नाही, पसरतो आणि चिरतो. घालायचीच असेल तर एकूण पिठाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको.

पीठ दहा-बारा मिनिटे चांगले तिंबावे, ताणले तर तुटू नये. झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवावे, हिवाळ्यात त्याला दीड तासही लागतो. चार उंडे करून पंधरा मिनिटे विसावू द्यावेत. ही विश्रांती टाळली तर पीठ थापताना रबरासारखे मागे सरकते.

आता लाटणे बाजूला ठेवावे. लाटण्याने काठातली हवा निघून जाते आणि काठ दडस होतो. भाकरी थापणारा हात इथे कामाला येतो, फक्त दाब मधोमध हवा. कडेला दोन बोटे रुंद काठ सोडून बोटांच्या पेरांनी मध्य तीन-चार मिलिमीटरपर्यंत दाबत न्यावा, वीतभर नान होतो. उइघुर भटियारे पिसांच्या दांड्यांची जुडी बांधून केलेल्या ठशाने मध्य टोचतात. घरी काट्याचा चमचा चालतो किंवा आठ-दहा बांबूच्या काड्या रबराने बांधाव्यात. टोचा थेट तळापर्यंत जायला हवा, आणि टोचायचे ते भाजण्याच्या अगदी आधी. आधी टोचून ठेवले तर भोके पुन्हा मिटतात.

वरून पाण्याचा हात फिरवून तीळ आणि कलौंजी दाबावी, कोरड्यावर टाकलेले तीळ गळून पडतात. कांदा घालायचा तर किसून, घट्ट पिळून घ्यावा. ओल्या कांद्याखाली पीठ गिच्च राहते.

ओव्हन २४० अंशांवर निदान अर्धा तास तापवावा आणि जाड लोखंडी तवा किंवा पालथा ट्रे आतच ठेवावा. नान त्या तापल्या पत्र्यावर पडायला हवा. बारा ते पंधरा मिनिटांत काठ सोनेरी होतो. गार ट्रेवर ठेवलेला नान फिकट राहतो आणि खालून वातड होतो.

ओव्हन नसेल तर तव्यावरही होतो, पण उंडे १२० ग्रॅमचे घ्यावेत आणि काठ बुटका ठेवावा. नानच्या पाठीला मिठाचे पाणी लावून तापल्या लोखंडी तव्यावर चिकटवावा. तोनूरच्या भिंतीवरही मिठाचे पाणी शिंपडतात. झाकण ठेवून तीन मिनिटे मध्यम आचेवर, मग तवा दांड्याने धरून पालथा करावा आणि ज्योतीपासून वीतभर वर फिरवत राहावा, काठाकडे जास्त वेळ. तव्याला तेलाचा अंश असेल तर नान निसटून थेट ज्योतीत पडतो. नॉनस्टिकवर तर हे करूच नये.

तयार नान फडक्यात गुंडाळावेत. तिकडे नान सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात, आणि ठशाची बाजू वर ठेवतात. शिळा झाला तर चहात किंवा मटणाच्या रश्शात बुडवून खातात. आपला तांबडा रस्साही त्याला छान जुळतो.

एक विनंती बेकरीवाल्यांना. दिवाळीत घरोघरची नानकटाई आपण भट्टीतून भाजून देता. पावाचा घाणा उतरल्यावर तापलेली फरशी नानसाठी उत्तम असते, तेव्हा अर्धा तास घरच्या नानलाही द्यावा. फरशीवर चिमूटभर मैदा टाकून पाहावे: तो टाकताच काळा पडला तर थोडे थांबावे, अर्ध्या मिनिटात तपकिरी झाला तर लगेच नान आत सोडावा.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली