शिवजयंतीच्या दिवशीचे सहा तास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१८ मार्चची दुपार. मी कर सल्लागार, वीस तारखेचं थ्रीबी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र तोंडावर, त्यात मार्चअखेर, टेबलावर पार्ट्यांच्या म्हणजे अशिलांच्या बॉक्स फायली अंथरलेल्या. अशात एम.कॉम. भाग एकची चार मुलं दारात येऊन उभी राहिली. तीन मुलगे, एक मुलगी. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घातलेला एकेक फॉर्म. त्यातला धीट होता तो म्हणाला, "सर, ओजेटीचं होतं. फक्त सही-शिक्का पाहिजे. तास आम्ही भरून आणलेत."

ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं कोणी नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या सत्रात त्याला चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे एकशे वीस तास कुठंतरी प्रत्यक्ष काम करायचं. पदवीच्या आराखड्यातही ते आहे. कागदावर वाचलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी आम्हाला असं कोणी पाठवलं असतं, तर पहिलं चलन भरताना माझे हात कापले नसते.

फॉर्म हातात घेतले. हजेरीचे तक्ते तपासायचा मला धंद्यानंच नाद. वीस दिवस, रोज सहा तास, सगळं एकाच निळ्या पेनानं, एका बैठकीत भरलेलं. चौघांच्या येण्या-जाण्याच्या वेळासुद्धा मिनिटाला मिनिट सारख्या. आणि १९ फेब्रुवारीलाही सहा तास! शिवजयंतीला माझ्या ऑफिसचं शटर बंद होतं. मी नातवाला खांद्यावर घेऊन मिरवणूक बघायला गेलो होतो आणि ही मुलं म्हणे शनिवार पेठेत माझ्याकडं जीएसटी शिकत होती.

मी हसलो, पण पूर्ण हसू आलं नाही. कारण गेल्या वर्षी एका जुन्या पार्टीच्या मुलाला असाच शिक्का मी मारून दिला होता. "साहेब, पोराचं काम आहे" म्हटल्यावर नाही म्हणवलं नाही. ते इथं लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

या वेळी शिक्का ड्रॉवरमध्येच ठेवला. म्हटलं, आज-उद्या मला पाणी प्यायला सवड नाही, २१ तारखेला सकाळी दहाला या, खरोखर बसवतो. चौघांनी माना डोलावल्या. २१ला एकटी मुलगी आली.

पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून ती रोज एस.टी.नं कॉलेजला येते. तिला मी शेतीपंपाच्या एका दुकानदाराची बॉक्स फाइल दिली. आमच्याकडं पार्ट्या कागद कसे आणून देतात ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. खरेदीची बिलं, लाइट बिल, लग्नाची पत्रिका, एकदा तर डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा. तिला सांगितलं, खरेदी वेगळी काढ, तारखेनं लाव, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदीशी एकेक बिल पडताळून बघ. पहिल्या दिवशी तिनं माउसला हात लावला नाही. टाचण्या काढत आणि कागद लावत बसली. मला वाटलं, कंटाळून उद्या येणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बिल घेऊन टेबलाशी आली. "सर, हे चुकून छापलंय का? बाकी सगळ्यांचा नंबर २७नं सुरू होतोय, यांचा २९नं." बिल बेळगावच्या व्यापाऱ्याचं होतं. जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक. म्हणजे या बिलावर आयजीएसटी, परराज्यातल्या व्यवहाराचा जीएसटी, लागणार. आणि टॅलीत आमच्याच ऑफिसच्या माणसानं ते इथलं समजून सीजीएसटी-एसजीएसटीत, म्हणजे राज्यातल्या राज्यात लागणाऱ्या जीएसटीत टाकलेलं! टू-बीशी, म्हणजे पोर्टलवर येणाऱ्या खरेदीच्या यादीशी, ताळा घालताना ते सापडलं असतंच, पण वीस तारखेच्या रात्री, पोर्टल गोल गोल फिरत असताना. तिला आयजीएसटीची व्याख्या पाठ होती. मी विचारल्यावर तिनं घडाघडा म्हणूनही दाखवली. फक्त ती व्याख्या बेळगावच्या बिलावर अशी बसलेली असते, हे तिनं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक बिलाचे पहिले दोन आकडे बघायची तिला सवय लागली. त्या बिलाची झेरॉक्स तिनं मागून घेतली. कशाला, ते मी विचारलं नाही.

तिचे एकशे वीस तास एप्रिलअखेर भरले. फॉर्म द्यायची मुदत तोवर उलटून गेली होती, पण तिच्या सरांनी ती वाढवून दिली. त्या सरांबद्दल मला आदर आहे. ते एकदा येऊनही गेले, दहा मिनिटं उभ्या उभ्या बोलले. म्हणाले, माझ्याकडं साठ मुलं आहेत, प्रत्येकाच्या ठिकाणी कधी जाऊ? हेही खरंच. कॉलेजानं मुलाच्या हातात पत्र द्यायचं आणि "जागा तुम्ही शोधा" म्हणायचं, मग ज्याचा मामा किंवा बापाचा मित्र कुठं असेल त्याला जागा मिळते, बाकीच्यांना शिक्का.

बाकीच्या तिघांपैकी एकाची गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही, आणि खरं तर हे पत्र त्या गोष्टीसाठीच लिहायला घेतलं. तो मुलगा मला नंतर मलकापूरच्या एका मेडिकलमध्ये काउंटरमागं दिसला. मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो. विचारलं, तर दोन वर्षं तिथं आहे. संध्याकाळी पाच ते रात्री दहा, रविवारी पूर्ण दिवस. औषधं देणारे फार्मासिस्ट वेगळे, पण बिलिंग, साठा, ऑर्डर सगळं याच्याकडं. कुठल्या बॅचची मुदत तीन महिन्यांत संपते, ती कोणत्या एजन्सीकडं परत जाते, तिची क्रेडिट नोट, म्हणजे परत मालाची रक्कम वळती केल्याची चिठ्ठी, आली की नाही, दहावर एक फुकट स्कीमचा माल हिशेबात कसा धरायचा, हे तो पोरगा मला घडाघडा सांगत होता. माझ्याकडं पाच वर्षं काढलेल्या माणसाला क्रेडिट नोटमधलं एवढं कळत नाही. मी म्हटलं, अरे, मग तुला माझा शिक्का कशाला हवा होता? तर म्हणाला, "कॉलेजात विचारलं होतं सर. मेडिकल दुकान विषयाशी संबंधित नाही म्हणाले. ऑफिसचं आणा म्हणाले."

दोन वर्षं रोज पाच तास खरं काम करणारा मुलगा, न केलेल्या कामाचा दाखला मागायला माझ्या दारात उभा होता. दाखला त्याला नंतर दुसरीकडं मिळाला. अर्ध्या तासात मिळाला म्हणे.

आपल्याकडं शिकता शिकता काम करणारी मुलं कमी नाहीत. पेट्रोल पंपावर, हॉटेलच्या गल्ल्यावर, पतसंस्थेच्या पिग्मीवर, पहाटे दुधाच्या डेअरीत ती दिसतात. ती कुणाच्याच यादीत नाहीत. राज्य सरकारनं २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा. मात्र शिक्षण चालू असेल तर तुम्ही अपात्र. त्याच वर्षी केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली, तेव्हा महिना पाच हजार, एकवीस ते चोवीस वयाची मुलं, मोठ्या कंपन्या. तिथंही तेव्हा पूर्णवेळ शिकणारा चालत नव्हता. दिवसभराच्या प्रशिक्षणाला दिवसभर कॉलेज करणारा कसा घेणार, हे मलाही कळतं. पण मग शिकणाऱ्याच्या वाट्याला उरतो तो एकशे वीस तासांचा बिनपगारी फॉर्म, आणि तोही मार्च महिन्यात, जेव्हा गावातल्या एकाही हिशेबाच्या ऑफिसात नवख्याला शिकवायला कुणी मोकळं नसतं.

हे सगळं मला जरा जास्तच लागतं, त्याला कारण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती आमच्याच कराड तालुक्यात, काले इथं. पुढं साताऱ्यात कमवा आणि शिका उभं राहिलं, आणि मी त्याच योजनेवर साताऱ्याला शिकलो. सकाळी बागेला पाणी, दुपारी ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांना खळ लावणं. दुसऱ्या वर्षी अक्षर बरं म्हणून माझ्याकडं मुलांच्या कामाचं हजेरी-पुस्तक आलं. नाव, तास, दर, गुणाकार, त्यातून मेसचे पैसे वजा. आयुष्यात लिहिलेला माझा पहिला हिशेब तो. एकदा मित्राला तापात पडून असताना दोन तास लावून दिले, तर रेक्टरांनी ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा कुठं पाणी घालत होता? खाटेवर?" मला दुपारचं जेवण गेलं नाही. पुढं त्यांनीच त्या मित्राला बसून करायचं काम दिलं, पाकिटांवर पत्ते लिहायचं.

माझं म्हणणं फार मोठं नाही. एकशे वीस तास एका महिन्यात कोंबू नयेत. आठवड्याला दोन दुपारी चार-चार तास धरले तर पंधरा आठवड्यांत ते आरामात बसतात, सत्रही तेवढंच असतं. आमच्यासारख्यांकडं पाठवायचं तर दहा ते वीस तारीख सोडून. जो आधीच कुठं नोकरी करतोय त्याच्या मालकाचा दाखला कॉलेजानं घ्यावा. विषयाशी संबंध आहे की नाही ते पत्रावर ठरवू नये, एखाद्या शिक्षकानं त्या काउंटरवर तासभर उभं राहून ठरवावं. आणि आम्ही धंदेवाल्यांनी, मीसुद्धा, फुकटचा हात समजून मुलांना चहा आणायला पाठवणं बंद करावं. त्या मुलीला पहिला महिना मी काही दिलं नाही, हे बायकोनं लक्षात आणून दिलं तेव्हा लाज वाटली. मे महिन्यात तिचा एस.टी.चा पास संपला होता, अर्ध्या तिकिटानं स्वतःच्या पैशानं येत होती. आता आठवड्याला तीन दुपारी येते, महिना तीन हजार देतो. जास्त नाहीत, मला माहीत आहे.

आणखी दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. कराडमधल्या कुठल्याही कॉलेजच्या मुला-मुलींनी यावं, ओळख-वशिला लागणार नाही. येताना फॉर्म कोरा आणावा.

आपला,
शनिवार पेठेतील एक कर सल्लागार,
कराड