पाण्यात दगडाचे वजन खरेच कमी होते का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शुभांशू शुक्ला २०२५च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर होते, तेव्हा बातम्यांमध्ये ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ हा शब्द सर्रास वापरला गेला आणि मुलांनी तो जसाच्या तसा उचलला. त्याच मुलांच्या वहीत ‘पाण्यात वस्तूचे वजन कमी होते’ हेही वाक्य असते. दोन्ही वाक्ये चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. वस्तूचे वजन वेगळे आणि काट्यावर दिसणारा आकडा वेगळा, हे मुलांच्या मनात कधी पक्के होतच नाही. त्याला जबाबदार आपण शिकवणारेच आहोत, कारण आपण सूत्र फळ्यावर लिहितो आणि काटा कपाटात ठेवतो. म्हणून वर्गात आणि घरीही करता येईल असा एक प्रयोग सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

आधी शब्दांचे पाहू. वजन म्हणजे पृथ्वी वस्तूला ज्या बलाने खाली ओढते ते बल, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. १ किलो वस्तुमानाचे वजन सुमारे ९.८ न्यूटन. वाण्याकडे आपण ‘एक किलो वजन’ म्हणतो तेव्हा खरे तर वस्तुमान सांगत असतो. व्यवहारात ते चालते, पण विज्ञानाच्या तासाला फरक करावाच लागतो. दोन पारड्यांचा तराजू वस्तुमानाची तुलना करतो, म्हणून तो चंद्रावर नेला तरी एक किलो साखर एक किलोच भरेल. ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा काटा, मात्र ओढ मोजतो. ध्रुवावर बरोबर जुळवलेला ताणकाटा विषुववृत्तावर आणला तर त्याच एक किलोचे साधारण ९९५ ग्रॅमच दाखवेल, कारण गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जेवढा वाढतो ते) ध्रुवावर ९.८३ आणि विषुववृत्तावर ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे.

आता प्रयोग. शाळेतला ५०० ग्रॅमचा ताणकाटा घ्या आणि सोबत एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा. बॅगा तोलायचा काटा चालणार नाही, तो बहुधा १० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो. दगड काळ्या पाषाणाचा, मुठीत मावेल एवढा. तो तंगुसाने बांधा. सुतळी पाणी पिते आणि जाड असल्याने स्वतःही पाणी सारते, म्हणून ती नको. पारदर्शक बरणीत निम्म्याच्या थोडे वर पाणी घेऊन ती इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. समजा बरणी आणि पाणी मिळून ९०० ग्रॅम भरले, आणि दगड ताणकाट्यावर २९० ग्रॅम. आता ताणकाटा हातात धरून दगड पाण्यात पूर्ण बुडेल एवढाच सोडा. तो तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये.

ताणकाटा १९० वर येतो. इथपर्यंत सगळे दाखवतात. पण त्याच क्षणी मुलांना खालच्या काट्याकडे पाहायला सांगा. तिथे ९०० चे १००० झालेले असतात! वर १०० ग्रॅमने कमी, खाली १०० ग्रॅमने जास्त, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज आधीही ११९० होती, आताही ११९०च आहे. काहीच नाहीसे झालेले नाही. पाणी दगडाला वर ढकलते, म्हणून दगड तेवढ्याच बलाने पाण्याला खाली ढकलतो, आणि तो भार बरणीमार्फत काट्यावर येतो. दगडाला पृथ्वी ओढते ती तशीच आहे, साधारण २.८४ न्यूटन. त्यातला ०.९८ न्यूटनचा भार पाण्याने उचलला, एवढेच.

हा शंभराचा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. दगडाने १०० ग्रॅम पाणी बाजूला सारले, म्हणजे त्याचे आकारमान १०० घन सेंटिमीटर. २९० ला १०० ने भागले की घनता २.९, काळ्या पाषाणाला शोभेल अशीच. वेड्यावाकड्या दगडाचे आकारमान पट्टी न लावता मिळते, हे मुलांना फार आवडते. ताणकाटा नसेल तर बरणी ठेवल्यावर इलेक्ट्रॉनिक काटा शून्य करा आणि बोट पाण्यात बुडवा. दिसणारे ग्रॅम म्हणजे बुडालेल्या बोटाचे घन सेंटिमीटर. पाचवी-सहावीच्या मुलांनाही हे जमते.

चुका कुठे होतात तेही सांगायला हवे, नाहीतर प्रयोग ‘आला नाही’ म्हणून सोडून दिला जातो. दगड तळाला टेकला की खालचा आकडा शंभरापेक्षा जास्त वाढतो, आणि दोरा सैल पडला तर दगडाचे सगळे २९० ग्रॅम खाली येतात. दगडाला हवेचे बुडबुडे चिकटले तर पाणी जास्त सारले जाते आणि घनता कमी येते, म्हणून दगड आधी ओला करून घ्यावा. कोकणातल्या शाळांनी जांभा घेऊ नये. विटेचा तुकडाही नको. त्यांच्या भोकांत पाणी शिरत राहते, ताणकाट्याचा आकडा हळूहळू वाढतो, खालचा उतरतो आणि वाचन स्थिरच होत नाही. ताणकाटा तिरपा धरू नये, त्याचा दर्शक रिकामा असताना शून्यावर आहे ना ते आधी पाहावे, आणि वाचन दर्शकाच्या पातळीत डोळा नेऊन घ्यावे. इलेक्ट्रॉनिक काटा मिनिट-दोन मिनिटांत आपोआप बंद होतो, तेव्हा दगडाची तयारी करून मगच तो चालू करावा.

याच वेळी विचारायचा प्रश्न: दगड आणखी खोल नेला तर? बहुतेक मुले ‘पाणी जास्त ढकलेल’ असे सांगतात. करून पाहा, आकडा हलत नाही. खोलीबरोबर दाब वाढतो हे खरे, पण तो दगडाच्या वरच्या बाजूवरही वाढतो आणि खालच्या बाजूवरही, फरक तेवढाच राहतो. १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा धरला तर वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरील दाबांत १० सेंटिमीटर पाण्याएवढा, म्हणजे ९८० पास्कलचा फरक. पृष्ठभाग ०.०१ चौरस मीटर. गुणाकार ९.८ न्यूटन, आणि एक लिटर पाण्याचे वजनही तेवढेच. बुडालेल्या वस्तूला पाणी तिने सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढ्या बलाने वर ढकलते, हे आर्किमिडीजचे तत्त्व पाठ करण्याआधी हा गुणाकार एकदा मुलांच्या हातून व्हावा.

हे तत्त्व आपल्याकडे रोज वापरात आहे. दूध संकलन केंद्रावरचा लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजणारी तरंगती नळी) पातळ दुधात जास्त बुडतो. मात्र साय काढली की दूध जड होते आणि मग पाणी घालून आकडा पुन्हा जागेवर आणता येतो, म्हणून फॅटही तपासावी लागते. भाताच्या पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकतात, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकतात, तळाचे दाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवतात. शेतकऱ्यांच्या मुलांना हे पाहून माहीत असते. त्याचा धड्याशी असलेला संबंध फक्त कुणीतरी दाखवायला हवा.

आता अंतराळ स्थानकाकडे. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ नऊ दशांश आहे. तिथे गुरुत्वाकर्षण नसते तर स्थानक सरळ रेषेत निघून गेले असते. स्थानक आणि आतली माणसे एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात, त्यामुळे काट्यावर भार येत नाही. आणि भार नाही म्हणजे पाण्याच्या वरच्या व खालच्या थरांत दाबाचा फरक नाही, म्हणून प्लावक बलही, म्हणजे पाण्याचे वर ढकलणेही, नाही. तिथे पाण्यातला बुडबुडा वर येत नाही, गरम हवा वर चढत नाही आणि ज्योत गोल होते. चंद्रावर मात्र गुरुत्व एक षष्ठांश असले तरी हवाबंद खोलीतल्या बादलीत लाकूड इथल्याइतकेच बुडून तरंगेल, कारण लाकडाचे वजन आणि पाण्याने वर ढकलणे दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. हा प्रश्न दहावीच्या वर्गात जरूर विचारावा.

अंतराळातली अवस्था अर्धा सेकंद वर्गातही दाखवता येते. प्लास्टिकच्या एक लिटरच्या बाटलीला तळाजवळ ३-४ मिलिमीटरचे भोक पाडा, बोटाने दाबून पाणी भरा. झाकण काढून ठेवायचे, कारण झाकण लावले तर पाणी तसेही थांबते आणि प्रयोगाला अर्थ राहत नाही. बोट काढल्यावर धार पडू लागली की बाटली दोन मीटरवरून सोडा. पडताना धार बंद होते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपले तर स्पष्ट दिसते. मग बाटली सरळ वर फेकायची आणि फेकण्याआधी मुलांना विचारायचे, वर जाताना धार लागेल का? बहुतेक हात ‘हो’साठी वर होतात. बाटली हातातून सुटली की वर जातानाही धार बंदच असते.

आपले,
शालेय विज्ञान शिकवणारे काही शिक्षक